मिस्त्रींचं पुढचं हेलिकॉप्टर

मिस्त्री आपल्या अहिराणीत बोलता बोलता मध्येच उजवा हात पुढे करायचे. तळवा जमिनीकडे, बोटं जुळवलेली. तो हात हवेत तरंगत तुमच्या छातीसमोर यायचा, गर्रकन वळायचा आणि बोटं तुमच्यावर रोखून थांबायचा.

"हाई नाक तुमनाकडे शे. आते हेलिकॉप्टरनं डावं कोनतं?"

समोरच्याने क्षणभर जरी विचार केला, तरी हात धप्पकन टेबलावर पडायचा.

"पडी गयं तुमनं हेलिकॉप्टर."

चहावाल्याचं पडलं, पोस्टमनचं पडलं, एकदा मोटर घेऊन आलेल्या एका फौजदारांचंही पडलं. माझं तर किती वेळा पडलं याची मी नोंद ठेवली नाही, आणि नोंद न ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

मी धानोरा रस्त्यावरच्या एका खासगी वजनकाट्यावर काम करतो. नंदुरबारात मिरचीच्या हंगामात ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक सगळे आधी काट्यावर येतात. भरलेलं वजन, रिकामं वजन, फरक. एकवीस वर्षं मी हेच करत आलो आहे. काट्यापासून एकशे दहा पावलांवर मिस्त्रींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटरी आणि मिरची कांडायच्या गिरण्यांच्या मोटरी जळल्या की त्यांच्याकडे यायच्या. चालू मोटरीच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मांगलं बेअरिंग गयं." बेअरिंग खरंच गेलेलं असायचं.

माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, त्यांचं साठीच्या आसपास. नक्की किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला ते 'काटासाहेब' म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे काट्यावर ठेवूनही कळलं नसतं.

हेलिकॉप्टरचं वेड सुरू झालं ते लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसामुळे. तो ड्रोनची मोटर दाखवायला आला आणि पिशवीतलं एक बंद पडलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर तिथेच सोडून गेला. एकावर एक दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. मिस्त्रींनी त्याची करंगळीच्या टोकाएवढी मोटर उघडली, तुटलेली तार जोडली, आणि दुपारी चार वाजता ते यंत्र दुकानाच्या पत्र्याला जाऊन टेकलं. मी शेजारच्या सोनाराकडे नेऊन त्याचं वजन केलं. सेहेचाळीस ग्रॅम. पहिल्यांदा पंचेचाळीस भरलं होतं, पण बॅटरीची तार पारड्याबाहेर राहिली होती.

पंधरा दिवसांत मिस्त्रींना त्याचा कंटाळा आला. त्या दोन पंख्यांच्या यंत्राचा एक गुण असतो. रिमोटच्या दांड्या सोडून दिल्या तरी ते बापडं जागच्या जागी तरंगत राहतं. नवशिक्यासाठी हे चांगलंच. मिस्त्रींना ते चालेना.

"हाई मन्हं ऐकत नही, काटासाहेब. हाई सोताच उडस. मी नुसता रिमोट धरीसन उभा."

म्हणजे पुढचं हेलिकॉप्टर घ्यायचं. कोणतं, यावर आमचे तीन आठवडे गेले. मी कागदावर रकाने आखले. यंत्र, वजन, पात्याची लांबी, एका बॅटरीत किती मिनिटं, वाऱ्यात कसं टिकतं. पहिल्या ओळीत त्याच जातीचं थोडं मोठं. दुसऱ्या ओळीत एका पंख्याचं, शेपटीला वेगळा छोटा पंखा असलेलं, दोनशे चाळीस ग्रॅमचं. तिसऱ्या ओळीत मोठं यंत्र, आठशे ग्रॅमचं, ज्याच्या पात्यांचा कोन उडता उडता बदलतो. त्याची पाती मिनिटाला अडीच हजार फेऱ्या घेतात. मी गुणाकार केला. पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातं. मी त्या आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

"मधलं घेऊ," मी म्हणालो.

"मधलं म्हंजे कोनलेच आवडत नही असं," मिस्त्री म्हणाले. पण घेतलं मधलंच.

एका पंख्याचं हेलिकॉप्टर म्हणजे उपड्या परातीवर ठेवलेली गोटी. क्षणभर दुर्लक्ष झालं की घरंगळली. मिस्त्रींनी त्यावर आपला एक अभ्यासक्रम बसवला. शाळेमागच्या मोकळ्या जागेत चुन्याने चार पावलांचा चौकोन आखायचा. पहिली परीक्षा, शेपटी आपल्याकडे. दुसरी, डावी बाजू आपल्याकडे. तिसरी, उजवी. चौथी आणि सगळ्यात अवघड, नाक आपल्याकडे, कारण तेव्हा डावं-उजवं सगळं उलटं होतं. प्रत्येक परीक्षेत पूर्ण बॅटरी संपेपर्यंत यंत्र चौकोनाबाहेर जाता कामा नये. चारही पास झाल्याशिवाय पुढच्या हेलिकॉप्टरचं नाव काढायचं नाही.

पहिली बॅटरी त्यांची, दुसरी माझी. वही माझ्याकडे. तारीख, वारा, मिनिटं, आणि आपण उभे आहोत तिथून यंत्र किती पावलांवर होतं ते. मिस्त्री दोन महिन्यांत चारही परीक्षा पास झाले. मी पहिल्या दोन झालो.

अशा माणसांना तुम्हीही पाहिलं असेल. एखादी गोष्ट जमली की ती चार लोकांना दाखवायची त्यांना हौस असते. मिस्त्रींना ती नव्हती. उलट पास झाल्यावर ते चिडचिडे झाले. सकाळी ऊन पाठीमागे पाहिजे म्हणून जागा बदलायला लावायचे. यंत्राचं नाक त्यांनी भगवं रंगवलं, शेपटी काळी केली. पुढच्या आठवड्यात डावी बाजू पूर्ण भगवी. मी म्हणालो, "मिस्त्री, पोळ्याचा बैल करताय का?" ते हसले नाहीत.

"रंग मन्हा, यंत्र मन्हं. तुम्ही आकडा लिहा."

मी आकडा लिहिला. आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःच विषय काढला.

"काटासाहेब, आते मोठं लेऊ."

मी विरोध करायला हवा होता. पण त्यांनी मला माझ्याच भाषेत पटवलं. लहान यंत्र वाऱ्यात हलतं, मोठं स्थिर राहतं. लहान यंत्र पंचवीस पावलांवर माशीएवढं होतं, मोठं चाळीस पावलांवरही यंत्रासारखं दिसतं. दोन्ही खरं होतं. मी पुन्हा कागद आखला, आकडे भरले, आणि मोठ्या यंत्राच्या ओळीवर मीच टिक केली. त्या कागदावर यंत्राबद्दल पाच रकाने होते. उडवणाऱ्याबद्दल एकही नव्हता.

यंत्र सुट्या भागांत आलं. जोडणीला, आणि जुन्यासारखाच भगवा-काळा रंग द्यायला, अकरा दिवस लागले. एका संध्याकाळी पात्याच्या मुळाशी बसणारा बारीक स्क्रू त्यांच्या हातून निसटला. तो त्यांच्या उजव्या कोपराजवळ, टेबलावर सरळ उजेडात पडला होता. मिस्त्री तळव्याने टेबल चाचपत राहिले. डावीकडे, समोर, पुन्हा डावीकडे.

"तिथे आहे, कोपराजवळ," मी म्हणालो.

"माले म्हाईत शे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चढला.

घरी येऊन मी वही काढली. का काढली ते सांगता येणार नाही. काहीतरी जुळत नव्हतं आणि जुळत नसलं की मी आकडे बघतो. पहिल्या महिन्यात मिस्त्री यंत्र पंचवीस पावलांवर उडवत होते. दुसऱ्यात अठरा. तिसऱ्यात बारा. शेवटच्या आठवड्यात आठ. मी त्याच पानांवर समासात लिहून ठेवलं होतं, 'आत्मविश्वास वाढला'.

माझी बायको म्हणाली, "वही मिटा आता, जेवण थंड झालं." मी मिटली. पण आठ हा आकडा डोळ्यांसमोरून जाईना. विचारायचं ठरवलं, आणि तीन दिवस विचारलं नाही. साठीच्या कारागिराला 'तुम्हाला दिसतं ना?' असं कोणत्या शब्दांत विचारतात, ते मला अजूनही माहीत नाही.

तोवर उडवायचा दिवस आला. शाळेमागच्या जागेत प्लॉट पडले होते, खुंट्या ठोकल्या होत्या. मोठ्या यंत्राला मोठी जागा हवी. ती मी निवडली, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. आमच्या काट्यावर येणाऱ्या एका व्यापाऱ्याची मिरचीची पथारी. नंदुरबारबाहेर हंगामात मैलभर जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली असते, तिला आम्ही पथारी म्हणतो. या व्यापाऱ्याचा अर्धा माल उचलून झाला होता. अर्धी जमीन रिकामी, सपाट, झाडून लख्ख. एक दगड नाही, एक झुडूप नाही. उरलेल्या मिरचीपासून मी सत्तर पावलं मोजली आणि चौकोन आखला. पलीकडे चार बाया मिरची उलटत होत्या. मला जागा उत्तम वाटली.

रोज मिरची तोलणाऱ्या माणसाने ही चूक करावी! झाडलेली असली तरी ती पथारीच. तिच्या मातीत चार महिन्यांची मिरचीची भुकटी मुरलेली असते. सेहेचाळीस ग्रॅमच्या यंत्राने ती हलली नसती. आठशे ग्रॅमचं यंत्र जमिनीवरून उठलं, तेव्हा त्याच्याभोवती एक तांबूस कडं उभं राहिलं. यंत्र डोक्याच्या वर गेलं आणि ते कडं आमच्यावर आलं.

पहिला श्वास घशात अडकला. डोळ्यांत निखारे टाकल्यासारखं झालं. मी खोकत खोकत मागे सरलो आणि बाहीने डोळे पुसले, त्यामुळे ते जास्तच भाजले. मिस्त्री जागचे हलले नाहीत. दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर, मान ताठ. यंत्र दोन पुरुष उंचीवर होतं आणि वाऱ्याबरोबर हळूहळू पलीकडे सरकत होतं.

"काटासाहेब," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "नाक कोनीकडे शे?"

मला वाटलं, ते नेहमीची परीक्षा घेताहेत. या वेळी! मी ओरडलो, "मिस्त्री, खाली घ्या!"

"नाक कोनीकडे शे, सांग!"

अकरा वर्षांच्या ओळखीत ते मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पाणी वाहत होतं, आणि नजर यंत्राच्या कितीतरी डावीकडे लागलेली होती.

"पलीकडे," मी ओरडलो. "शेपटी आपल्याकडे."

त्यांनी दांडी मागे ओढली. यंत्र थबकलं, मग डुललं आणि फिरलं. माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी भरलं. भगवा रंग दिसला, म्हणजे डावी बाजू, की नाक? मला सांगता येईना.

"आते?"

"डावीकडे... उजवीकडे जातंय."

"मन्हं उजवं का हेलिकॉप्टरनं?"

मी उत्तर द्यायला एक क्षण लावला. तो क्षण मला अजून आठवतो. यंत्र तेवढ्यात बायांच्या दिशेने झुकलं होतं. त्या उभ्या राहून तोंडाला पदर लावून पाहत होत्या. पळावं हे त्यांना सुचलं नव्हतं.

"बाया कितल्या दूर शेत?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीस पावलं. नाही, पंचवीस."

 त्यांच्या उजव्या हाताचं बोट रिमोटच्या वरच्या खटक्यावर गेलं. तो खटका मोटर बंद करायचा. उडत्या हेलिकॉप्टरची मोटर बंद करायची म्हणजे ते आपणच जमिनीवर आपटायचं. आवाज एकदम थांबला. पाती नुसत्या वाऱ्यावर फिरली, यंत्र आडवं झालं आणि पडलं. एक पातं जमिनीत घुसलं, दुसरं तुटून माझ्या डावीकडून सूं करत गेलं. शेपटी मधोमध वाकली.

मी नंतर पावलं मोजली. बायांपासून चौदा.

"मेलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"मेलं. कोणाला लागलं नाही."

त्यांनी रिमोट जमिनीवर ठेवला.

बाया खोकत, शिंकत आल्या. त्यांतली पुढची, वयाने मोठी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ दादा, मिरची वाळाडाले टाकेल शे, उडाडाले नही! दोन्ही बापे कशा रडी ऱ्हायनात देखा वं!"

बाकीच्या हसायला लागल्या. एकीने पाण्याचा कॅन आणून आमच्या ओंजळीत पाणी ओतलं. "डोया चोळू नका. नुसतं पानी मारा," ती म्हणाली. पथारीवर काम करणाऱ्यांना हे लहानपणापासून ठाऊक असतं. आम्ही दोघे पाणी मारत बसलो. नाक गळत होतं, डोळे सुजले होते. सगळेच रडत होते, त्यामुळे कोण कशासाठी रडतंय हे ओळखायची सोय नव्हती.

तेव्हाच ते बोलले. बाया मिरचीकडे परत गेल्यावर, माझ्याकडे न बघता.

"उजवा डोयाथिन दोन वरीसपासून काही दिखत नही. काचबिंदू. डावाले मधमा दिखस, कडेले सम्दं काय."

"कडेला सगळं काळं?"

"हां. थेंब टाकस रोज. जे गयं ते परत येत नही म्हने डॉक्टर. ऱ्हायेल शे ते संभाळानं."

"मला सांगायचं ना, मिस्त्री."

"तुम्हले सांगतू, तुम्ही लिही लेतात."

मी हसलो. आणि लगेच वाटलं, हसायला नको होतं.

त्यांचं म्हणणं मला कळायला वेळ लागला नाही. तांब्याची केसाएवढी तार मोटरीच्या छत्तीस खाचांत बसवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल गावात एक वाक्य फिरलं, तर त्याच्या दुकानात मोटर येणार नाही. म्हणून ते पाठीमागे ऊन मागत होते. म्हणून भगवा रंग होता. मोठं यंत्र त्यांना मोठेपणासाठी नको होतं. डाव्या डोळ्याच्या उरलेल्या खिडकीत मावेल आणि तरी दिसेल, असं एक यंत्र त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एक गिरणीवाला काट्यावर आला. जळालेली मोटर पिकअपमध्ये होती. सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मिस्त्रीकडे टाकू ना? काल पथारीवर काही झालं म्हणतात." मी त्याच्या गाडीचं वजन लिहीत होतो. खोटं लिहिण्याची मला सवय नाही, आणि खरं बोलायचा हक्क माझा नव्हता. मी म्हणालो, "मिस्त्रींनाच विचारा." तो गेला, आणि मी दिवसभर स्वतःवर चिडत राहिलो.

संध्याकाळी दुकानात गेलो, तर ती मोटर टेबलावर उघडी पडली होती. मिस्त्रींनी गिरणीवाल्याला स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. शिवाय हेही, की ही मोटर मी भरून देतो, काटासाहेब प्रत्येक खाच मीटर लावून तपासतील, एक जरी चुकली तर दुकान बंद. गिरणीवाल्याने मोटर ठेवली होती.

चार दिवस ते बोटांनी वेढे मोजत होते आणि मी मीटर धरून बसलो होतो. पस्तीस खाचा बरोबर निघाल्या. छत्तिसाव्या खाचेत तारेचा लेप खरवडला गेला होता, मीटरचा काटा हलला. मी तो आकडा वाचायला एक क्षण लावला. मिस्त्रींना तेवढा पुरला.

"कितलं?"

मी सांगितलं. त्यांनी ती गुंडाळी सोडवली, पुन्हा भरली, बरोबर आली. मोटर गिरणीत परत गेली आणि आजही चालते आहे. पण त्यानंतर त्यांनी दुसरी घेतली नाही. कुणी आलं की शहाद्याच्या एका कारागिराचं नाव सांगायचे.

त्यांची मुलगी सुरतेला असते. तिने घेऊन जायचं ठरवलं. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. सामान दोन पिशव्या; मधलं हेलिकॉप्टर त्यांनी माझ्याकडे ठेवलं होतं. खिडकीशी बसवून दिल्यावर मी उगाच विचारलं, "मिस्त्री, मी पुढचं कोणतं घेऊ?"

ते एकदम ताठ झाले. दुकानातले मिस्त्री परत आले.

"तुम्ही आते काहीच लेऊ नका. दोन परीक्षा बाकी शेत तुमन्या. उजवी आनि नाक. जे शे तेच उडाडा. मन कागदवर ऱ्हास तुमनं, आभायमा ऱ्हाऊ द्या."

"आणि पास झालो तर?"

"मंग फोन करा. रकाना नका आखू. मी सांगसू."

मुलगी म्हणाली, "बाबा, काकांना जाऊ दे, गाडी सुटेल." मी खाली उतरलो. प्लॅटफॉर्मवर गर्दी होती. गाडी हलली तेव्हा मिस्त्रींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पूर्ण मान वळवून मला शोधू लागले. त्यांची नजर माझ्यापासून बरंच डावीकडे एका टोपलीवाल्या बाईवर स्थिरावली आणि ते तिच्याकडे बघून हात हलवू लागले.

मी सात पावलं चालत गेलो आणि त्या बाईच्या पुढे उभा राहिलो. मग मीही हात हलवला.